आधी टँकर बंद करा, मग कॉटेज बांधा

संपादक साहेब,

सरकारच्या नवीन महाबळेश्वर या थंड हवेच्या ठिकाणाच्या प्रकल्पात सुरुवातीलाच साताऱ्याकडची 235 गावं घेतली म्हणे, म्हणजे जंगलाच्या कडेला कॉटेज, रिसॉर्ट येणारच. अहो पण जुन्या महाबळेश्वराची गत तरी बघा, 2001 पासून इको-सेन्सिटिव्ह झोन (निसर्ग जपायला बांधकामावर निर्बंध असलेला भाग) आहे तरी सुट्टीत घाट जाम, आणि एवढ्या धो धो पावसाच्या मुलखात आसपासच्या वाड्यांवर मेमध्ये टँकर! इकडे तर शेजारीच सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. लॉज आलं की बोअर, जनरेटर, सेप्टिक टँक, रात्री डीजे (तो तर हमखास) सगळं आलंच. त्यापेक्षा गावकऱ्यांच्याच घरात दोन खोल्या, चुलीवरची नाचणीची भाकरी असल्या होमस्टेला परवानगी द्या ना, पैसा गावात तरी राहील. बाकी ग्रामसभेच्या ठरावाशिवाय एक वीटही नको.

एक वाचक, सातारा