भूल देणाऱ्या मॅडमना

मॅडम,

खांदा शिवणाऱ्या सरांना पेढे पोचले, त्यांचे आभार वॉर्डात सगळ्यांसमोर मानून झाले. डिस्चार्जच्या दिवशी तुम्हाला शोधलं, तर तुम्ही थिएटरात, पुढच्या पेशंटला निजवत होतात. म्हणून हे असं जाहीरपणे.

तुमच्याआधी 8 महिने हिंडले. "फ्रोजन शोल्डर आहे, वय झालं" एवढं ऐकायला दर वेळी फी मोजली. एका साहेबांनी तर मोबाइलवरची नजरही न काढता गोळ्या लिहिल्या. हात वर करून दाखवा म्हणायचेसुद्धा कष्ट नाहीत! रोटेटर कफ, म्हणजे खांदा धरून ठेवणारा स्नायूबंधांचा वेढा, फाटलाय हे एमआरआयनंतर कळलं. तोवर माझा अंबाडा लेक घालून द्यायची.

तुम्ही आलात आणि आधी स्टूल ओढून बसलात. दमा आहे का, जिना चढताना धाप लागते का, विचारलंत. खांद्याच्या नसा मानेत दोन स्नायूंच्या फटीतून निघतात, हात बधिर करायला तिथे सोनोग्राफीत बघत सुई घालणार. औषधानं त्या बाजूचा श्वासाचा पडदाही काही तास सुस्तावतो, म्हणून विचारतेय, म्हणालात. "पापणी खाली येईल, आवाज बसेल. औषध उतरलं की जाईल." ती अर्धी मिटलेली पापणी बघून आमचे हे घाबरले. मी नाही.

मी घाबरले ते नंतर. पूर्ण भुलीतून जागी झाले, तर पोटावर कुणाचा तरी हात! गार, जड, ओंडक्यासारखा. माझाच होता. रडायलाच लागले. तुम्ही तो उचलून माझ्या डाव्या हातात दिलात आणि म्हणालात, "करंगळी हलवा बघू." हलली. इतकुशी, पण हलली. "बघा, ही जागी आहे. बाकीची भावंडं झोपलीत, पहाटेपर्यंत उठतील." ड्यूटी संपलेली होती तुमची, पर्स खांद्याला होती. कोण थांबतं हो एवढं?

आणि रात्री 10ची गोळी. दुखत नसलं तरी घ्यायचीच, बधिरपणा उतरला की कळ एकदम उसळते, असं यांच्याकडून दोनदा वदवून घेतलंत. पहाटे अंगठा जागा झाला, कळही आली, पण दात खाऊन सोसण्याइतकीच.

पट्टा अजून गळ्यात आहे, हे लेकीकडून लिहून घेतेय. तुमचा पेढ्यांचा डबा रिसेप्शनवर ठेवलाय. सरांना देऊ नका, त्यांचे खाऊन झालेत.