पाण्याच्या दिवशी लिहिलेलं पत्र

सोलापूर,
रात्रीचे अडीच

प्रिय आई, बाबा,
साष्टांग नमस्कार.

दादाने सांगितलंच असेल. खरं तर आधी मीच सांगायला हवं होतं, पण फोनवर बाबांचा आवाज ऐकला की माझं निम्मं बोलणं घशातच राहतं. पुण्याची बदली नको म्हणून मी सोमवारी कळवून टाकलं. बढतीही त्याबरोबर गेली, पण ती पुन्हा मिळेल. आई, लगेच देवापुढे जाऊन बसू नकोस, आधी सगळं वाच.

घर बंद ठेवलं की वाळवी लागते. वाढलेला पगार पुण्यातल्या खर्चात गेलाच असता. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँकेला सुट्टी असते, सकाळची हुतात्मा एक्सप्रेस धरली की दुपारी जेवायला मी तुमच्याजवळ. ही सगळी कारणं खरी आहेत, आणि यातल्या एकाही कारणासाठी मी नाही म्हटलेलं नाही.

मला इथेच लिहिता येतं. झालं, सांगून टाकलं.

गेल्या वर्षी ट्रेनिंगसाठी दोन महिने दादाकडे होते, आठवतं? त्याने टेबल दिलं, दिवा दिला, वहिनी तर मी लिहायला बसले की कुकरसुद्धा लावायची नाही. बिचारी. दोन महिन्यांत एक ओळ झाली नाही. तिथे नळ सोडला की पाणी येतं आणि रात्री सगळे झोपतात. इथे चौथ्या-पाचव्या दिवशी पाणी, तेही कधी दोनला, कधी चारला. जागं तर राहावंच लागतं, आणि तेवढ्या वेळात दुसरं काही करता येत नाही. मग मी हौदाजवळच्या पायरीवर वही घेऊन बसते. परवा एका कार्यक्रमात कुणीतरी विचारलं, तुम्हाला स्फूर्ती कुठून मिळते? उजनीहून, पाइपातून, असं अगदी जिभेवर आलं होतं.

आई, त्या पायरीवरच तुझी कविता झाली. दोनच ओळी सांगते:

हंडा भरत आला की त्याचा आवाज बदलतो,
आई झोपेतही ओळखते.

आधी मी ‘झोपेतच’ लिहिलं होतं. त्या ‘च’वर चार महिने अडून बसले. ‘झोपेतच’ म्हटलं की तू झोपाळू वाटायचीस, ‘झोपेतही’ म्हटल्यावर तू आयुष्यभर जागीच आहेस हे कळलं. दरम्यान मी अख्खी कविता दोनदा फाडून पुन्हा लिहिली होती. आणि मग बाबा, चादरीच्या नक्षीतला तुमचा मोर आठवला. चोच वाकडी आली म्हणून मालक चिडला होता, आणि तुम्ही रात्री वरच्या खोलीत बसून मागावर नक्षी उमटवणारे भोकांचे पुठ्ठे मोजत होता. मी म्हटलं, आता सगळी नक्षी परत काढायची? तुम्ही म्हणालात, “नक्षी नाही चुकली गं, एक पुठ्ठा चुकलाय.” तेवढा एकच काढलात, नवीन पाडलात, दोरीत ओवलात. मी शाळेत होते, तुमच्या भोकं पाडायच्या खटखटीवर तिथेच झोपले. सकाळी अंगावर चादर होती. कुणी घातली ते तुम्ही दोघंही अजून सांगत नाही.

कविता म्हणजे विणकाम, असलं काही मात्र मी लिहिणार नाही. विणकाम म्हणजे कंबरदुखी, हे तुमचंच वाक्य.

आता एक कबुली. वरच्या खोलीत मी टेबल टाकलंय. लोणच्याच्या बरण्या खाली आणल्या, एकही फुटलेली नाही. आणि बाबा, तुमच्या नक्षीच्या आलेख कागदांच्या पाठकोऱ्या बाजूवर मी कच्चं लिहिते. फक्त कसर लागलेल्या. मोर, कमळ, सगळे चांगले कागद ट्रंकेत डांबरगोळ्या घालून ठेवलेत. कोऱ्या वहीत मला भीती वाटते, पलीकडे तुमचे लाल पेन्सिलीचे चौकोन दिसले की हात चालतो.

तुम्हाला सोडून कविता निवडली असं मनात आणू नका. थोडं तसं आहे, पण आणू नका. नातेवाईकांना ‘बदलीचं जमलं नाही’ एवढंच सांगा, आई, कवितेचं काढलंस तर मामा लगेच स्थळं पाठवायला लागेल.

आता ऐका. बाबा, गुडघ्याचा पट्टा कपाटासाठी आणलेला नाही. लिफ्ट बंद असेल तर फिरायला जायचं नाही, जिने उतरून शौर्य दाखवायचं नाही. आई, रक्तदाबाची गोळी एकादशीलाही घ्यायची, देवाची काही हरकत नसते. शेंगाचटणी आणि कडक भाकरी दादाच्या मित्राबरोबर पाठवतेय. चटणीत मीठ कमी घातलंय, वरून घ्यायचं नाही. भाकरी बाबांनी दुधात कुस्करूनच खायची, नव्या कवळीची परीक्षा नको. नवीन चादरी दोन आहेत, त्या पाहुण्यांसाठी जपून न ठेवता अंगावर घ्या.

चौथ्या शनिवारी येते. तेव्हा हवं तर रागवा, पण समोर बसून.

तुमची,
चिमी

ता. क. मागच्या खेपेचे तीन डबे अजून तिकडेच आहेत. निळ्या झाकणाचा आधी पाठवा.