माझी राखण करणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

नाव लिहू नकोस असं बजावलंत, म्हणून लिहीत नाही. पत्र मात्र सगळ्यांनी वाचावं म्हणूनच लिहिते आहे. अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसन आणि आसपासच्या ज्या मराठी घरांत आई किंवा बाबा गेलेत आणि मूल ‘अगदी शहाण्यासारखं वागतंय’, त्यांना तुम्ही काय केलंत ते कळायला हवं.

आमचाही असाच शहाण्यासारखा वागत होता. बाबा गेले तेव्हा तो दहा वर्षांचा. हृदयविकाराचा झटका, चाळिशी जेमतेम ओलांडलेली. सोलापूरला दिवसकार्याला गेलो तर भेटायला येणारा जो तो त्याच्या पाठीवर हात ठेवून सांगायचा, “आता तूच घरातला कर्ता. आईला सांभाळायचं हं.” माणसं मायेनेच बोलत होती, पोराने ते शब्दशः घेतलं. परत आल्यावर कचऱ्याचा डबा रस्त्यावर नेऊन ठेवायचं काम न सांगता त्याने घेतलं. रात्री माझ्या खोलीच्या दाराशी येऊन मी श्वास घेतेय ना, ते बघायचा. शाळेची मुक्कामी सहल ‘मला नाही आवडत’ म्हणून सोडली. बाबांचं नाव माझ्यासमोर काढणं बंद. मीही त्याच्यासमोर काढत नव्हते. घर अगदी व्यवस्थित चाललं होतं, शाळेतून कौतुक येत होतं.

मराठी शाळा सुटायची वाट बघत पार्किंगमध्ये उभ्या होतो तेव्हा तुम्ही विचारलंत, “तो रडतो कधी?” नाही म्हटलं. “आणि तू, त्याच्यासमोर?” यावर मी काहीतरी दुसरंच बोलायला लागले. तुम्ही ऐकून घेतलंत आणि मग घरातलं जवळचं माणूस गेलेल्या मुलांसाठीच्या कम्फर्ट झोन कॅम्पबद्दल सांगितलंत.

फुकट आहे म्हटल्यावर माझा संशय वाढलाच. ज्या देशात अँब्युलन्सचंही बिल घरी येतं, तिथे शुक्रवार ते रविवार मुलाला ठेवून घेणार, खाऊपिऊ घालणार आणि पैसे घेणार नाहीत? तुम्ही शांतपणे सगळं सांगितलंत. लिन ह्यूजेस नावाच्या बाईंनी हे सुरू केलं. त्यांची आई त्या नऊ वर्षांच्या असताना गेली आणि बारा वर्षांच्या असताना वडील. पहिला कॅम्प १९९९ मध्ये, व्हर्जिनियात. ११ सप्टेंबर २००१ ला न्यूयॉर्कमध्ये हल्ला झाला आणि आपल्या न्यू जर्सीतल्या कितीतरी मुलांचे आई किंवा वडील संध्याकाळच्या गाडीने परत आलेच नाहीत, तेव्हा या लोकांनी इथेही कॅम्प घ्यायला सुरुवात केली. सात ते सतरा वयाची मुलं. खेळ, शेकोटी, दंगा सगळं असतं, आणि मधून मधून एकाच वयाच्या मुलांचा लहानसा गट गोल करून बसतो, जाणकार समुपदेशक सोबत असतो आणि ज्याला बोलायचं तो बोलतो. न बोललं तरी चालतं.

मला त्यातली बिग बडीची गोष्ट सगळ्यात पटली. प्रत्येक मुलामागे एक मोठं माणूस, पारखून आणि शिकवून घेतलेलं, शनिवार-रविवार फक्त त्याच्याबरोबर. त्याच्यापुढे मुलाला कशाचीच काळजी घ्यावी लागत नाही. हे बोललो तर याला रडू येईल का, असा विचार करावा लागत नाही. माझ्यापुढे तो तेवढंच तर करत होता.

माझ्या आईचा फोनवर जोरदार विरोध. “विसरत चाललाय, कशाला खपली काढता?” हे मी तुम्हाला सांगितलं तर तुम्ही म्हणालात, “तो विसरत नाहीये गं, तुझ्यापासून लपवतोय.” चांगलंच लागलं होतं मला ते. आज त्याचेही आभार.

पण तो जायलाच तयार नव्हता. “आई एकटी राहील.” इथे बाकी कोणीही समजूत घातली असती, ‘आईला काही होत नाही’ म्हटलं असतं. तो ज्या घरात राहतो तिथे बाबांनाही काही होणार नव्हतं, आणि एका सकाळी झालंच! तुम्ही समजूत घातलीच नाहीत. स्वतः दरवर्षी बिग बडी म्हणून जाणाऱ्या तुम्ही, त्या खेपेची पाळी सोडलीत आणि त्याच्याशी सरळ व्यवहार केलात. “शुक्रवार संध्याकाळ ते रविवार दुपार, आई माझ्याकडे. काही झालं तर मी स्वतः कॅम्पवर फोन करणार. चालेल?” त्याने विचारलं, “रात्री पण बघाल?” तुम्ही म्हणालात, “रात्री पण.” मग त्याने तुम्हाला गॅसची कोणती कळ नीट बंद होत नाही ते दाखवलं, माझ्या थायरॉईडच्या गोळ्या कुठे आहेत ते दाखवलं, आणि बॅग भरायला गेला.

त्या दोन दिवसांबद्दल फार लिहीत नाही. मुगाची खिचडी, जुन्या मालिका आणि झोप. सकाळी गंभीर चेहऱ्याने सांगितलंत, “बघून आले रात्री. घोरत होतीस.” गेल्या कित्येक महिन्यांत मी अशी हसले नव्हते.

रविवारी शेवटी आठवणींचा छोटा कार्यक्रम असतो, त्याला घरचे लोक जातात. मुलं हवं तर गातात, वाचतात, नुसती उभी राहतात. आमचा उठला, शेजारी त्याचा बडी, आणि भर सभेत सांगितलं की माझे बाबा गाडीच्या जीपीएसशी मराठीत भांडायचे आणि दर वेळी हरायचे. सगळे खो खो हसले. बाबा गेल्यापासून त्याच्या तोंडून त्यांची गोष्ट मी पहिल्यांदा ऐकत होते, आणि तीही तिऱ्हाइतांबरोबर. थोडा राग आला, खोटं कशाला बोलू?

गाडीत तो म्हणाला, त्याच्या गटातल्या एका मुलीची आईपण रात्री रडते आणि सकाळी नाही म्हणते. मग प्रश्न सुरू झाले. हॉस्पिटलमध्ये बाबांना दुखलं का? मला आत का नाही नेलं? मला पण होईल का? एक्झिट चुकली, मग पुढचीही चुकली. दोघंही रडलो आणि कोणी कोणाला थांबवलं नाही.

एका वीकेंडने सगळं सुटतं असं कोणी समजू नये. फादर्स डेच्या आठवड्यात अजूनही त्याचं पोट दुखतं, आणि शाळेच्या समुपदेशकाकडे तो जातोच आहे. पण आता पोट दुखायला लागलं की कारण तो स्वतःच सांगतो.

महाराष्ट्रातही असं काही व्हायला हवं, असं फार वाटतं. करोनाने आईवडील दोघंही नेलेल्या मुलांच्या नावे सरकारने २०२१ मध्ये पाच लाखांची ठेव ठेवायचं ठरवलं. चांगलंच केलं, पैसे लागतातच. पण त्या मुलांबरोबर गोल करून बसणारं कोण आहे? शाळा आहेत, मोकळी मैदानं आहेत, आपल्याकडे माणसांचीही वानवा नाही.

आणि हो, तुमचा कुकर अजून माझ्याकडेच आहे. पुढच्या कॅम्पसाठी मात्र तुम्ही पाळी सोडायची नाही. मी एकटी राहणार आहे आणि चिरंजीवांची त्याला हरकत नाही. गॅसची कळ तेवढी आधी दुरुस्त करून घे म्हणालाय.

तुमची,
एडिसनची एक आई