बाबा, आईलाही वाचून दाखवा

नेपरव्हिल, इलिनॉय
रविवार, संध्याकाळ

तीर्थरूप बाबा आणि आईस,
सा. न.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "आता त्रेचाळिसाव्या वर्षी कसला अभ्यास?" मी गाडीत होते, घाईत होते, नीट सांगता आलं नाही. म्हणून लिहिते.

एक्झिक्युटिव्ह एमबीए करावं की नाही, हे गेले सहा महिने डोक्यात आहे. नोकरी सांभाळून करायची ही पदवी. पहिल्यांदा सुरू झाली ती इथेच, शिकागो विद्यापीठात, १९४३ साली. बहुतेक ठिकाणी पंधरा दिवसांतून एकदा शुक्रवार-शनिवार वर्ग, असं जवळजवळ दोन वर्षं.

हे मनात कुठून आलं, ते सांगते. मागच्या वर्षी आमच्या कारखान्यातली व्हॉल्व्हची एक लाइन बंद करायची बैठक होती. त्या लाइनची क्वालिटी अकरा वर्षं माझ्याकडे. कुठला पार्ट कुठल्या मशीनवर बिघडतो, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. फायनान्सवाल्यांनी पडद्यावर तक्ता लावला. कारखान्याचं भाडं, विमा, वरच्या साहेबांचे पगार, सगळ्यांतला मोठा वाटा त्या एका लाइनच्या माथी मारलेला. लाइन बंद केली तरी भाडं थोडंच कमी होणार होतं? हे आतून कळत होतं, पण त्यांच्या भाषेत मांडता येईना. मी गप्प बसले. लाइन गेली, माणसं गेली. त्यातली एक पोलिश बाई दर दिवाळीला माझ्या चकल्यांची वाट बघायची.

नंतर एका विद्यापीठात दिवसभर वर्गात बसून आले. हिशोबाचा तास होता. सरांनी फळ्यावर एकच उभी रेघ मारली. डावीकडे धंदा बंद केल्यावर थांबणारा खर्च, उजवीकडे न थांबणारा. शेजारी एका हॉस्पिटलची मुख्य नर्स, पन्नाशीची, चष्मा कपाळावर सरकवून भराभर आकडे मांडत होती. मी वहीत ती रेघ मारली आणि हात तिथेच थांबला. एवढंच तर बोलायचं होतं त्या दिवशी.

आता पैशांचं. शिकागोतल्या नावाजलेल्या ठिकाणी फी दोन लाख डॉलरच्या वर. कंपनी वर्षाला ५,२५० डॉलर देईल, कारण तेवढ्याच रकमेवर कर लागत नाही. बाकीचं कर्ज आपलं, आणि थोरल्याचं कॉलेज चार वर्षांवर आलंय. त्याउलट इलिनॉय विद्यापीठाचं ऑनलाइन एमबीए पंचवीस हजारांच्या आसपास होतं. तिथेही ती रेघ शिकवतीलच, फक्त शेजारी ती नर्स नसेल. ऑफिसातले म्हणतात, वर्गातल्या ओळखी हाच खरा फायदा. असेल. पण मला नवी खुर्ची नकोय, पुढच्या वेळी त्या बैठकीत तोंड उघडता यायला हवंय. त्यासाठी दोन लाख मोजणं मला पटत नाही. ऑनलाइनच करावं, इथवर मी आले आहे.

राहिला वेळ. बाबा, तुमची सीएआयआयबी, बँकेतली ती परीक्षा, आठवते मला. मी दुसरी-तिसरीत असेन. पहाटे स्वयंपाकघरात दिवा, ओट्यावर उघडं पुस्तक, आणि एकदा दूध उतू गेलं त्याचा पानावरचा पिवळा डाग. तुम्ही पास झालात, इन्क्रिमेंट मिळाली, पेढे वाटले. मग ऑफिसर झालात आणि बदली गडहिंग्लजला. तीन वर्षं शनिवारी अर्ध्या दिवसाची बँक करून एसटीने सांगलीला यायचात. ही गोष्ट मला तुमच्या बाजूने पाठ आहे. आईच्या बाजूने मी कधी विचारलीच नाही. आजीचं अंथरुणाला खिळणं, माझी चौथीची स्कॉलरशिप, रात्री-अपरात्रीचे डॉक्टर, सगळं तिने एकटीने काढलं.

तुमचे जावई म्हणतात, "तू कर, घरचं मी बघतो." मनापासून म्हणतात. पण 'मी बघतो' यात काय काय येतं, हे त्यांनाही ठाऊक नाही, मलाही नाही.

तेव्हा आई, तुला विचारते. त्या तीन वर्षांत सगळ्यात जड काय गेलं? फोनवर तू "काही नाही गं" म्हणून विषय बदलशील, म्हणून लिहून विचारतेय. अर्ज मला महिनाअखेरीस भरायचाय, त्याआधी कळव. बाबा, तुम्ही नुसतं पाकिटावर पत्ता लिहा. आतलं पत्र आईच्या हातचं हवं.

तुमची लेक