मासळीचा आकडाही रोज छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत अलास्कातल्या फिशिंग लॉजवरच्या सुट्टीचा लेख वाचला. पाण्यावर उतरणारं विमान, धबधब्यात उभं राहून मासे पकडणारी अस्वलं, लाकडी लॉजमधली शेकोटी, सगळं छान लिहिलं आहे. पण ज्या माशांच्या जिवावर हे चालतं, त्यांच्याविषयी लेखात चार ओळीही नाहीत. मी हर्णैची. वडील आणि भाऊ दर्यावर जायचे, आई लिलावात मासळी घेऊन दापोलीच्या बाजारात विकायची, आणि मी मच्छीमार सोसायटीत हिशेब लिहिण्यात सारी नोकरी काढली. मुलगी-जावई सिएटलला असतात. गेल्या जुलैत त्यांच्याबरोबर मीही अशाच एका लॉजवर राहून आले. लेखात जे राहून गेलं ते वाचकांना कळावं, म्हणून लिहिते आहे.

सिएटलहून अँकरेजला मोठं विमान जातं. तिथून पुढे रस्ताच नाही. दहा-बारा जणांच्या छोट्या विमानात बसायचं, तेही सामानासकट आपलं वजन करून घेतल्यावर. ढग खाली उतरले असतील तर विमान उडत नाही आणि कोणी त्याबद्दल कुरकुरही करत नाही. आमचं लॉज क्वीजॅक नदीच्या काठी होतं. इलिअम्ना हे अलास्कातलं सगळ्यात मोठं सरोवर. त्याचं पाणी या नदीने ब्रिस्टल बे नावाच्या उपसागराला जातं. नदी सरोवरातून निघते तिथे इगिआगिग हे युपिक या तिथल्या मूळ रहिवाशांचं जेमतेम सत्तर वस्तीचं गाव आहे. पीठ, बटाटे, डिझेल, गॅस, सगळं विमानातून किंवा बार्जमधून येतं. लॉज उघडं राहतं जून ते सप्टेंबर. माणशी आठवड्याला हजारो डॉलर का लागतात, ते तिथलं स्वयंपाकघर पाहिल्यावर समजलं. पैसे जावयांनी भरले. मी भरले नसते, हेही सांगून टाकते.

आता मासा. तिथला मुख्य मासा सॉकाय सॅमन. नदीत जन्मतो, एक-दोन वर्षं सरोवरात वाढतो, मग समुद्रात जातो आणि दोन-तीन वर्षांनी अंडी घालायला पुन्हा आपल्याच नदीत येतो. गोड्या पाण्यात शिरला की खाणं बंद. समुद्रातून येतो तेव्हा चांदीसारखा असतो, वर जाता जाता अंग लालभडक आणि डोकं हिरवं होतं. अंडी घातली की मरतो. त्याच्या कुजलेल्या देहावर पाण्यातले किडे जगतात, त्या किड्यांवर सॅमनचीच पिल्लं जगतात, आणि अस्वलांनी काठावर ओढून नेलेल्या माशांचं खत झाडांना मिळतं. जगातला निम्माशिम्मा सॉकाय या एका उपसागरात येतो. २०२२ साली सुमारे ७ कोटी ९० लाख मासे आले. त्यातले ६ कोटी पकडले गेले, बाकीचे नद्यांमध्ये सोडले.

‘सोडले’ म्हणजे काय, ते मला तिथेच समजलं.

गावापासून थोडं खाली नदीच्या दोन्ही काठांना सांगाड्यासारखे मनोरे आहेत. आमचा गाइड होडीतून तिकडे घेऊन गेला. मनोऱ्यावर एक मुलगी उभी होती, कॉलेजात शिकणारी, उन्हाळ्यापुरती राज्याच्या मत्स्यविभागात कामाला आलेली. डोळ्यांवर पाण्याची चकाकी मारणारा चष्मा, हातात बोटाने दाबायचं मोजणीयंत्र. नदीच्या मध्यात ओढ फार, म्हणून सॉकाय काठाला धरून वर चढतो आणि वरून स्वच्छ दिसतो. दर तासाला दहा मिनिटं मोजायचं, मग पलीकडच्या काठावर जाऊन तिथली दहा मिनिटं, आणि आलेल्या आकड्याला सहाने गुणायचं. चोवीस तास, पाळीपाळीने. रात्री दिवा लावून. मी खाली उभी राहून पाहत होते. मासे दोन-तीनच्या रांगेत, एकाच्या शेपटीला दुसऱ्याचं तोंड, न थांबता चालले होते. वरून टक टक टक असा आवाज येत होता. दहा मिनिटं संपेपर्यंत मुलीने आमच्याकडे मान वळवली नाही. मग वहीत आकडा लिहिला, वेळ लिहिली, पाण्याची अवस्था लिहिली आणि तेव्हा कुठे हसून हात केला. जन्मभर वह्या लिहिलेल्या बाईला त्या वहीचं काय वाटलं असेल, ते आपण समजू शकाल.

हे काम १९५० च्या दशकापासून चालू आहे. क्वीजॅक नदीत किमान २० लाख आणि जास्तीत जास्त १ कोटी मासे वर जायला हवेत, असं ठरलेलं आहे. दुसऱ्या नद्यांचे आकडे वेगळे. मनोऱ्यावरचा आकडा रोज विभागाच्या अधिकाऱ्याकडे जातो आणि त्यावरून खाली उपसागरात बोटींना जाळं टाकायची परवानगी किती तास मिळायची ते ठरतं. नदीत मासा कमी चढला, तर बोटी नांगरून बसतात. हंगाम चार-सहा आठवड्यांचा, जुलैच्या पहिल्या आठवड्यात ऐन भर, आणि तेव्हाच बसून राहायचं म्हणजे काय, हे आमच्याकडच्या कुठल्याही नाखव्याला सांगावं लागणार नाही. तरी बसतात. बोटीची लांबीही ३२ फुटांपेक्षा जास्त चालत नाही, मालक कितीही पैसेवाला असो. आधी नदीचा वाटा, मग माणसाचा.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट यापुढची. हे आकडे कचेरीत राहत नाहीत. डिलिंगहॅम गावातून केडीएलजी नावाचं रेडिओ केंद्र चालतं. हंगामात त्यावर कुठल्या नदीत आज किती मासे चढले, किती पकडले, कुठला भाग किती वाजता उघडणार, हे रोज सांगतात. लॉजच्या स्वयंपाकघरात सकाळी रेडिओ लागला की भांडी घासणारा मुलगासुद्धा हात थांबवून ऐकायचा. शेजारच्या नदीचा आकडा वाढला की गाइड दिवसाचा बेत बदलायचे. पाहुणे, गाइड, गावकरी, बोटवाले, सगळ्यांच्या तोंडी तेच आकडे.

हे त्यांना आयतं मिळालेलं नाही. पूर्वी अलास्काच्या किनाऱ्यावर माशांच्या वाटेत मोठमोठे कायमचे सापळे ठोकलेले असत. ते बहुतेक सिएटल आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या डबाबंद मासळीच्या कंपन्यांचे. मासा आपोआप आत जायचा, स्थानिक मच्छीमार रिकामी होडी घेऊन परतायचा. १९५३ साली मासळी इतकी घटली होती की राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना तिथल्या मच्छीमार वस्त्यांना आपद्ग्रस्त जाहीर करावं लागलं. १९५६ मध्ये होऊ घातलेल्या राज्याच्या घटनेवर मतदान झालं, त्याच दिवशी सापळे बंद करायचे की नाही यावरही लोकांनी मत दिलं आणि भरघोस मतांनी ते बंद केले. १९५९ मध्ये अलास्का राज्य झालं, तेव्हा ही बंदी लागू झाली. मासळी ही सर्वांची आणि ती पुढेही टिकेल अशाच बेताने वापरायची, हे त्यांच्या घटनेतच लिहिलेलं आहे. एलईडी दिव्यांच्या उजेडाने मासा ओढून पकडण्याविरुद्ध आमच्याकडे किती निवेदनं दिली गेली ती मी पाहिली आहेत, काही माझ्याच अक्षरात आहेत. म्हणून १९५६ ची ही हकीकत ऐकताना मी जेवायची थांबले होते.

इलिअम्नाच्या वरच्या अंगाला सोनं-तांब्याची पेबल नावाची प्रचंड खाण होणार होती. लॉजवाले, बोटवाले आणि युपिक व देनाइना या मूळ रहिवाशांची बरीच गावं तिच्याविरुद्ध एकत्र आली. एरवी या लोकांचं आपसात फारसं जमत नाही. २०२० मध्ये खाणीचा परवाना नाकारला गेला आणि २०२३ च्या जानेवारीत अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने त्या पाणलोटात खाणीचा गाळ टाकायला मनाई केली.

तिथे सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही. मोठा किंग सॅमन ठिकठिकाणी घटत चालला आहे. युकॉन नदीवर तर अमेरिका आणि कॅनडाने २०२४ मध्ये किंग सॅमनची मासेमारी सात वर्षांसाठी थांबवली आणि तिथल्या गावांची वर्षाची बेगमीच गेली. सॉकायचं उलटं. मासा उदंड आला आणि २०२३ मध्ये बोटवाल्यांना मिळणारा मूळ भाव पौंडाला ५० सेंटवर आला, आदल्या वर्षी तो १ डॉलर १५ सेंट होता. मासळी आली की भाव जातो, हे दुःख तिथेही तेच.

लॉजवर मला एक गोष्ट पटली नाही, तीही लिहिते. तिथे पाहुणे गळाने रेनबो ट्राउट पकडतात, फोटो काढतात आणि पुन्हा सोडतात. त्यामुळे मासा टिकतो, हे खरं आहे. गाइड फार काळजी घेतात. मासा पाण्याबाहेर जास्त वेळ धरू देत नाहीत, एका नदीची घाण दुसरीत जाऊ नये म्हणून बूट तपासतात. बुटाच्या तळाला लोकरीचा नमदा लावायला तर अलास्कात २०१२ पासून बंदीच आहे. अस्वल आलं की गळ गुंडाळून सगळे एकत्र मागे सरतात, मासा अडकलेला असला तर दोर तोडतात, म्हणजे गळाच्या आवाजाला मासा मिळतो अशी सवय अस्वलाला लागत नाही. हे सगळं मान्य. पण खायचा नाही त्या माशाच्या तोंडात गळ का अडकवायचा, हे मला शेवटपर्यंत समजलं नाही. युपिक वडीलधाऱ्यांनाही हा माशांशी खेळ आवडत नाही, असं कळलं तेव्हा बरं वाटलं.

सॉकाय मात्र खाण्यासाठी पकडतात, दिवसाला पाच. संध्याकाळी नदीकाठच्या लाकडी टेबलावर गाइड ते कापायचा. सुरी शेपटीकडून काट्याला लावून एका दमात डोक्यापर्यंत, दुसऱ्या अंगाने तसंच, अर्ध्या मिनिटात मासा साफ. हात चांगला होता. मांस केशरी-लाल आणि तेलकट. डोकं आणि काटा मात्र तुकडे करून ओढीच्या पाण्यात फेकायचा, काठावर अस्वल येऊ नये म्हणून. चार डोकी मी मागून घेतली. आमसुलं आणि घरचा मसाला बरोबर नेला होता. कालवण केलं. स्वयंपाकीणबाई इगिआगिगची होती. तिच्या घरीही डोकी टाकत नाहीत. तिने दोनदा वाढून घेतलं, आणि पाहुण्यांपैकी मात्र कोणी चमचा बुडवला नाही.

संपादक महाराज, आता माझं मागणं.

आमचा मासा समुद्रातला. मनोरा उभारून तो मोजता येणार नाही, हे मला कळतं. पण बंदरावर उतरलेली मासळी तर मोजता येते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. माशांच्या अख्ख्या थव्याला वेढा घालणाऱ्या पर्ससीन जाळ्यांवर २०१६ पासून निर्बंध आहेत. २०२३ मध्ये पापलेटला राज्य मासा केलं, आणि त्याच वर्षी ५४ जातींच्या मासळीला किमान आकार ठरवून दिला. कायदे कागदावर आले. तरीही बोटभर पापलेटं टोपल्यांनी विकायला येतात, ती मी डोळ्यांनी पाहते. कुठल्या बंदरात काय उतरलं, केवढं होतं, किती बोटींना दंड झाला, हे लोकांना रोजच्या रोज कळतच नाही. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेचा राज्यवार अंदाज येतो तो वर्षाचा, तोवर हंगाम उलटून गेलेला असतो.

आपल्या पत्रात सोन्याचा भाव रोज येतो. पावसाळ्यात धरणांतला पाणीसाठा टक्क्यांसकट येतो. कोयना किती भरलं, हे शाळेतली पोरंही सांगतात, कारण आपण ते छापता. मग ऑगस्टपासून मेपर्यंत सातपाटी, ससून डॉक, हर्णै, मिरकरवाडा आणि मालवण इथे आज काय उतरलं, त्यात लहान पापलेट किती, सुरमईचा भाव काय, याचा एक छोटा तक्ता छापायला काय हरकत आहे? खाणाऱ्याला समजेल, विकणारीला समजेल, आणि परवाना देणाऱ्या अधिकाऱ्यालाही रोज सकाळी तो आकडा वाचावा लागेल. अलास्काच्या लॉजवर जाणारे वाचक मूठभर, पण मासळी खाणारे लाखो आहेत.

हर्णैचा आकडा मी देईन. लिलाव संध्याकाळी संपतो. त्यानंतर तासाभरात जातवार वजन, भाव आणि बोटींची संख्या आपल्या रत्नागिरीच्या वार्ताहराला फोनवर सांगण्याची माझी तयारी आहे. त्याचे पैसे नकोत. सोसायटीतल्या दोन मुलींना मी आतापासूनच वही घालून दिली आहे. नारळी पौर्णिमेला बोटी बाहेर पडतील, तेव्हापासून सुरू करता येईल. आपण होकार कळवावा.

आपली,
एक वाचक,
हर्णै, ता. दापोली, जि. रत्नागिरी