ती राजकीय बातमीदार होती

संपादक महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत जगभरच्या पत्रकारांवर अधूनमधून लेख येतात. मी ते आवडीने वाचते. पण हे जग बहुतेक वेळा लंडनला सुरू होतं आणि न्यूयॉर्कला संपतं. क्रोएशिया आपल्याला आठवतो तो फुटबॉलच्या विश्वचषकात. लाल-पांढऱ्या चौकड्यांची जर्सी, मॉड्रिच, झालं! चाळीस लाखांहून कमी वस्तीच्या या देशातल्या एका बाईबद्दल आपण लिहावं, म्हणून हे पत्र.

तिचं नाव मारिया युरिच, लेखनातलं नाव झागोर्का. जन्म 1873 चा. आईने जुळवलेलं लग्न एका हंगेरियन रेल्वे अधिकाऱ्याशी झालं. त्या न पटलेल्या संसारात ती दोन गोष्टी शिकली, हंगेरियन भाषा आणि तारयंत्र. (मी तार खात्यातून निवृत्त झाले. तेव्हा कुणी बाई 'कडकट्ट' शिकली म्हटलं की माझे कान टवकारतातच.) पुढे ती नवऱ्याच्या घरातून पळाली आणि 1896 मध्ये झाग्रेबच्या 'ओब्झोर' या दैनिकात तिचा पहिला लेख छापून आला. क्रोएशिया तेव्हा हंगेरीच्या सत्तेखाली होता. विषय काय, तर क्रोएशियातल्या रेल्वे स्थानकांवर चालणारी हंगेरियन. प्रवासी क्रोएशियन, गाव क्रोएशियन, आणि फलाटावरचा कारभार मात्र प्रवाशांना न कळणाऱ्या भाषेत. बँकेच्या खिडकीवर मराठीत विचारून हिंदीत उत्तर ऐकणाऱ्या आपल्या वाचकांना यातली चीड वेगळी समजावून सांगायला नको.

'ओब्झोर'ने तिला घेतलं तेही बिशप श्ट्रोसमायर यांनी शब्द टाकला म्हणून. तरी बसायला जागा दिली ती वेगळ्या खोलीत. कचेरीत येणाऱ्या-जाणाऱ्याला बाई दिसता कामा नये! 1903 मध्ये हंगेरियन सत्तेविरुद्ध असंतोष उसळला, संपादक मंडळी तुरुंगात गेली, तेव्हा काही महिने अंक काढला तो याच न दिसणाऱ्या बाईने. बायकांचा मोर्चा काढल्याबद्दल तिलाही दहा दिवस कोठडी झाली. तिथे तिने नाटक लिहिलं. पुढे बुडापेस्टहून हंगेरीच्या संसदेची वार्तापत्रं ती पाठवू लागली. 1907 मध्ये रेल्वेत हंगेरियन सक्तीची करणारं विधेयक त्या संसदेत आलं आणि क्रोएशियन सदस्यांनी क्रोएशियनमध्ये भाषणांवर भाषणं ठोकून कामकाज अडवून धरलं. अकरा वर्षांपूर्वी तिने फलाटावरून उचललेला विषय संसदेत पोचला होता.

मग कादंबऱ्या. लोकांनी जर्मन भाषेतल्या उथळ गोष्टी सोडून आपल्या भाषेतलं वाचावं म्हणून ती वर्तमानपत्रांतून क्रमशः लिहू लागली आणि अफाट वाचली गेली. विद्वानांनी मात्र हलकं लेखन म्हणून नाकं मुरडली. 1925 मध्ये तिने स्त्रियांसाठी मासिक काढलं. पुढे काढलेलं दुसरं नियतकालिक 1941 मध्ये फॅसिस्ट उस्ताशी राजवटीने बंद पाडलं. आज झाग्रेबच्या त्काल्चिचेवा रस्त्यावर तिचा पुतळा उभा आहे, छत्रीसकट.

त्या देशात असा माणूस एकच झाला असंही नाही. स्प्लिट शहराचे मिल्येंको स्मोये दैनिकात सदर लिहायचे ते थेट दाल्मेशियन बोलीत, म्हणजे आपल्याकडे मालवणीत लिहावं तसं. टीव्हीवरच्या त्यांच्या मालिकाही तिकडे घराघरांत पोचल्या. त्याच स्प्लिटमधल्या 'फेराल ट्रिब्यून' या उपरोधी साप्ताहिकावर 1994 मध्ये अश्लील मासिकांना लागणारा कर लावला गेला. कारण दाखवलं अश्लीलतेचं, खरा राग होता राष्ट्राध्यक्ष तुजमान यांच्या रेवडीचा. आणि वुकोवारचा सिनिशा ग्लावाशेविच. 1991 मध्ये युगोस्लाव्ह सैन्याने त्या शहराला घातलेल्या वेढ्यात तो रेडिओवरून बातम्या देत राहिला आणि बातम्यांच्या मधे आपल्या गावाविषयीच्या छोट्या गोष्टी वाचून दाखवत राहिला. नोव्हेंबरात शहर पडलं आणि त्याला ठार मारण्यात आलं. वय 31. त्याच्याबद्दल मला याहून जास्त लिहवत नाही.

पण माझी विनंती झागोर्काबद्दल आहे. आपल्याकडे साधारण त्याच काळात तानुबाई बिर्जे 'दीनबंधू'चं संपादन करत होत्या. त्यांचं नाव मला दिसतं ते आठ मार्चच्या आसपास, गुलाबी चौकटीत. झागोर्कावर लेख छापलात तर तो महिला दिनासाठी राखून ठेवू नका. एखाद्या साध्या मंगळवारी संपादकीय पानावर घ्या, आणि मथळ्यात 'पहिली महिला' असं न लिहिता 'संसद वार्ताहर' असं लिहा.

आपली,
तार खात्यातली एक निवृत्त वाचक, सातारा