मेंडोलिनला टॉवेल नको, तेल तर अजिबातच नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत घरातल्या वाद्यांची निगा कशी राखावी यावर लेख आला होता. वाद्यांवर कोणीतरी मराठीत लिहितंय याचाच आधी आनंद झाला, पण त्यातला मेंडोलिनचा भाग वाचला आणि राहवेना म्हणून हे लिहितेय. त्यात दोन सल्ले दिलेत. एक म्हणजे चमक टिकवायची तर महिन्यातून एकदा खोबरेल तेलाचा नाहीतर फर्निचर पॉलिशचा हात फिरवा, आणि दुसरा म्हणजे वाजवताना घामाने पॉलिश जाऊ नये म्हणून पोट आणि वाद्य यांच्यामध्ये टॉवेल धरा. पहिल्याने वाद्याचं नुकसान होतं आणि दुसऱ्याने पॉलिश वाचतं पण आवाज जातो. मी इंदूरच्या राजेंद्रनगरात मुलांना मेंडोलिन शिकवते, आणि लेख आल्यावर दोन पालकांनी मला फोन करून विचारलं की कुठलं तेल आणू, म्हणजे लोक असे सल्ले मनापासून पाळतात, म्हणून हे दुरुस्त व्हायला हवं.

आधी टॉवेलचं बघू. मेंडोलिनचं शरीर केवढंसं, तारा ज्याच्यावर टेकतात त्या ब्रिजपासून मानेच्या टोकाच्या नटपर्यंत तारेची लांबी साधारण ३५ सेंटिमीटर, चार जोड्या म्हणून आठ तारा, सुरांची जुळवणी व्हायोलिनसारखी जी-डी-ए-ई, आणि मध्यम जाडीच्या (मीडियम गेज) तारा लावल्या तर सगळ्यांचा मिळून ताण ८० किलोच्या आसपास. एवढ्या छोट्या डब्यातून जो आवाज येतो तो फक्त वरच्या फळीचा नसतो, मागची फळी पण थरथरत असते. आता ती पोटाशी दाबून धरली की तिची थरथर तिथेच मरते. टॉवेल लावला तर अजूनच. पैसे न खर्च करता घरी हे तपासता येतं. मेंडोलिन नेहमीसारखं अंगाशी धरून एक जी कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) जोरात वाजवा आणि सूर विझेपर्यंत ऐका, मग वाद्य अंगापासून दोन-तीन बोटं पुढे घ्या, फक्त कडेला धरा, आणि तोच कॉर्ड तेवढ्याच जोरात वाजवा. दुसऱ्या वेळी सूर जास्त वेळ टिकतो, खालच्या जी आणि डी तारांना भरीवपणा येतो. माझ्याकडची दहा-बारा वर्षांची मुलं सुद्धा डोळे मिटून फरक ओळखतात.

याच्यावर उपाय म्हणून जी वस्तू मिळते ती म्हणजे पाठीला लावायची तारेची जाळी, टोन-गार्ड या नावाने ती प्रसिद्ध आहे. वाद्याच्या कडेला तिचे पाय अडकतात, मधली जाळी पाठीपासून थोडी लांब कमानीसारखी राहते, मग पोट जाळीला टेकतं, लाकडाला टेकतच नाही. आणि माझं म्हणणं नेमकं इथेच आहे संपादक साहेब, की आवाज सुधारणं आणि पॉलिश जपणं ही दोन वेगळी कामं नाहीतच. घाम, शर्टाची बटणं, कमरेच्या पट्ट्याचं बक्कल, हे सगळं जे पॉलिश खरवडतं तेच आवाजाला पण दाबत असतं. लाकडाला जे विनाकारण टेकतंय ते बाजूला करा, दोन्ही कामं एकदम होतात.

अर्थात ही जाळी सगळ्यांना सारखी उपयोगी नाही हे पण सांगायला हवं, नाहीतर उद्या लोक माझ्या पत्रावरून खर्च करून बसतील. कोरलेल्या पाठीचं वाद्य असेल, म्हणजे ए-स्टाइल किंवा ती गोल वळणाच्या शिंगाची एफ-स्टाइल, तर फायदा भरपूर. प्लायवूडच्या सपाट पाठीचं स्वस्त वाद्य असेल तर आवाजात थोडासाच, पॉलिशला मात्र पूर्ण. जुनं अर्धगोल पाठीचं इटालियन पद्धतीचं वाद्य असेल तर ही जाळी त्याच्यावर बसतच नाही, आणि तशी गरजही कमी, कारण गोल पाठ अंगाला थोड्याच जागी टेकते. आणि इलेक्ट्रिक मेंडोलिन, जसं यू. श्रीनिवास (१९६९–२०१४) कर्नाटक संगीतासाठी वाजवायचे, जोड्यांऐवजी पाच एकेरी तारांचं, त्यात आवाज पिकअपमधून (तारांची थरथर विजेत बदलणाऱ्या भागातून) येतो, तिथे पाठीच्या जाळीला काही अर्थ नाही.

दुसरी वस्तू आर्मरेस्ट. व्हायोलिनचा चिनरेस्ट (हनुवटी टेकवायचा भाग) जसा कडेला क्लँपने आवळतात तसाच हा, खाली कॉर्कची पट्टी असते, आणि उजव्या हाताचा कोपराखालचा भाग त्याच्यावर टेकतो. वरच्या फळीची कड तशी कमीच हलते म्हणून आवाजात पडणारा फरक पाठीच्या जाळीएवढा नाही, पण पॉलिशसाठी मी तर म्हणेन की पहिली हीच घ्या. जुनी मेंडोलिनं बघा, पुष्कळदा टेलपीसच्या (तारांची खालची टोकं अडकवायच्या पत्र्याच्या) बाजूच्या कडेला पॉलिश उडून लाकूड काळवंडलेलं दिसतं, ते सगळं मनगट आणि कोपराच्या मधल्या घामाने झालेलं असतं. मे महिन्यातलं इंदूर आणि हाफ बाह्यांचा शर्ट म्हटलं की आणखी काही सांगायला नको. माझ्याकडे शिकणाऱ्या मुली बांगड्या घालून येतात, मुलांच्या हातात कडं असतं, त्यांच्या चऱ्यांपासून पण हाच वाचवतो. एक मात्र बघायचं की क्लँप कडेवरच बसला पाहिजे, फळीवर दाब येता कामा नये, आणि फार आवळायचा नाही.

आता तेल आणि पॉलिश. यात सगळ्यात आधी आपल्या वाद्यावर काय लावलंय हे माहीत पाहिजे, कारण सगळी पॉलिशं एकसारखी नसतात आणि लेखात याचा उल्लेखच नाही. जुन्या हाताच्या कामावर चपडा लाखेचं पॉलिश असतं, ज्याला आपल्याकडे फ्रेंच पॉलिश किंवा स्पिरिट पॉलिश म्हणतात. ही लाख स्पिरिटमध्येच विरघळवलेली असते, म्हणजे स्पिरिट लागलं की परत मऊ पडते. म्हणून हाताला सॅनिटायझर लावून लगेच वाद्य उचलणं, अंगावर डिओ मारून गळ्यात वाद्य घेणं, हे लाखेच्या पॉलिशला फार वाईट. दुसरं नायट्रोसेल्युलोज लॅकर, जुन्या अमेरिकन आणि आजच्या बऱ्याच महागड्या वाद्यांवर असतं, त्याला रबर आणि रेक्झिन चालत नाही. स्टँडच्या रबरी नळीवर किंवा रेक्झिनच्या पट्ट्यावर वाद्य ठेवून दिलं तर त्या जागी पॉलिश चिकट होतं आणि डाग पडतो तो जात नाही. म्हणून स्टँडला जुनं सुती कापड गुंडाळा, पट्टा वाजवून झाल्यावर काढून ठेवा, आणि वर सांगितलेल्या जाळीचे पाय जिथे टेकतात तिथे पण मऊ चामड्याचा तुकडा घाला. तिसरं पॉलियुरेथेनसारखं कडक कोटिंग, दुकानात मिळणाऱ्या बहुतेक नव्या वाद्यांवर तेच असतं, ते चिवट आहे, त्याला ओलसर कापडाने पुसलं तरी चालतं.

यातल्या एकालाही खोबरेल तेल लागत नाही! तेल वर धूळ धरून ठेवतं, बारीक भेगा असतील तर आत मुरतं, आणि मग पुढे कारागीर ती भेग चिकटवायला जातो तेव्हा सरसच धरत नाही. फर्निचर पॉलिशमध्ये पुष्कळदा सिलिकॉन असतं, ते एकदा बसलं की त्याच्यावर नवीन पॉलिशचा थर नीट बसत नाही. वाजवून झाल्यावर जुन्या धोतराच्या मऊ कापडाने तारा, फ्रेटबोर्ड (बोटं ठेवायची पट्टी), हात लागलेली जागा पुसा, बस. चमक हवीच असेल तर वाद्यांसाठीचं, सिलिकॉन नसलेलं क्रीम वर्षातून क्वचित, आणि ते पण कारागिराला विचारून.

पिकगार्डबद्दल, म्हणजे तारांच्या बाजूला फळीवर असलेल्या पातळ पट्टीबद्दल, लेखात एक ओळ आहे की तो शोभेचा असतो. तसं नाहीये, ए तारेवर आणि ई तारेवर जोरात ट्रेमोलो केला, म्हणजे तार छेडायचं पिक भराभर वर-खाली फिरवलं, की पिकचं टोक खाली फळीवर घासतं आणि तिथे ओरखडे पडतात, ते अडवायला तो असतो. गिब्सन या अमेरिकन कंपनीच्या पद्धतीत तो फळीवर चिकटवलेला नसतो, वर उचलून स्क्रूने आणि छोट्या पट्टीने धरलेला असतो, म्हणजे लाकूड मोकळं राहतं. काही वाजवणारे तो काढून टाकतात कारण पिक त्याच्यावर टकटक वाजतं, ते ज्याच्या त्याच्या हातावर आहे. फक्त जुना सेल्युलॉइडचा असेल आणि तडकायला, चुरा व्हायला लागला असेल तर काढून वेगळा ठेवा, कारण सेल्युलॉइड कुजताना जो वायू सोडतो त्याने केसमधल्या तारा आणि टेलपीस गंजतात.

थोडं या सामानाच्या इतिहासाबद्दल, कारण त्यातून खरेदीचं शहाणपण मिळतं. गिब्सन कंपनीत लॉइड लोअर यांनी १९२२ मध्ये एफ-५ हे मॉडेल आणलं, आजही चांगल्या मेंडोलिनचा तो मापदंड मानतात. त्या काळातल्या काही वाद्यांमध्ये व्हिर्झी टोन प्रोड्यूसर नावाची लाकडाची पातळ चकती आत, वरच्या फळीच्या खाली लटकवून यायची, आवाज गोड होतो म्हणून. पुढे कित्येक मालकांनी ती काढून टाकली, कारण थरथरणाऱ्या फळीला वजन वाढलं की जोर कमी होतो. म्हणून काहीही घेताना मी एवढंच बघते की ही वस्तू फळीला मोकळं करतेय की तिच्यावर ओझं टाकतेय. या हिशोबाने वरच्या फळीवर गणपतीचे किंवा फुलांचे स्टिकर लावतात ते नको, त्याच्या गोंदाने पॉलिश पण खराब होतं. हेडस्टॉकला (खुंट्या असतात त्या टोकाला) लावायचा क्लिपचा ट्यूनर चालतो.

फुकटात किंवा अगदी थोडक्यात होणाऱ्या गोष्टी तर कोणी सांगतच नाही. ब्रिज आणि टेलपीस यांच्यामधला तारांचा जो उरलेला भाग असतो तो पण वाजत असतो आणि कॉर्ड झटकन बंद केला तरी मागे एक किणकिण राहते, तिथे तारांमधून मऊ चामड्याची पट्टी वर-खाली ओवून टाकली की ती किणकिण जाते. ज्यांना ती आवडते त्यांनी नका ओवू. टेलपीसच्या पत्र्याच्या झाकणाखाली फेल्टचा तुकडा ठेवला की पत्र्याची झणझण थांबते. ब्रिज चिकटवलेला नसतो, नुसता तारांच्या दाबाने उभा असतो, त्याचे पाय फळीला पूर्ण टेकलेत का हे वहीचा कागद कडेने सरकवून बघा, कागद आत गेला म्हणजे तेवढी जागा मोकळी आहे आणि तिथून आवाज वाया जातोय, ते कारागिराकडून घासून बसवून घेतलं तर नवीन कुठल्याही वस्तूपेक्षा जास्त फरक पडतो. तारा बदलताना एकेक बदला, सगळ्या एकदम काढल्या तर ब्रिज सरकतो आणि सूर बिघडतात, शिवाय सरकताना पॉलिशवर रेघ उठते ती वेगळी. पिक पातळ, लवचिक नको, १ ते १.५ मिलिमीटरचं, गोलसर टोकाचं घ्या, आवाज भरतो.

आणि हवा. सगळं सामान घेतलं पण वाद्य कूलरच्या झोतात ठेवलं तर काय उपयोग. आपल्या माळव्यात एप्रिल-मे मध्ये लू चालते तेव्हा लाकूड सुकून आखडतं, फ्रेटची (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांची) टोकं बोटाला टोचायला लागतात, कधी फळी तडकते, आणि जुलै-ऑगस्टमध्ये तेच लाकूड फुगतं, तारा वर उचलल्या जातात, आवाज बसका होतो. वाद्याला ४० ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. केसमध्ये छोटा आर्द्रता-मापक ठेवा, पावसाळ्यात सिलिका जेल, उन्हाळ्यात भोकं पाडलेल्या साबणदाणीत ओला करून पिळलेला स्पंज. कूलरसमोर नको, भर उन्हात गाडीत तर मुळीच नको.

हे सगळं एवढ्या तपशिलात लिहिलं कारण मेंडोलिनशी आपल्या भागाचं नातं खूप जवळचं आहे. संगीतकार सज्जाद हुसेन (१९१७–१९९५), ज्यांनी या वाद्यावर मींड घेऊन रागदारी वाजवून दाखवली, ते इथल्याच, माळव्यातल्या सीतामऊचे. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले लक्ष्मीकांत कुडाळकर आपल्या मराठी भाषकांमधलेच, ते पण आधी मेंडोलिन वाजवायचे. तरी आज शहरात नवीन मुलाला हे वाद्य घ्यायचं तर दुकानदार गिटारच दाखवतो, आणि वाद्य मिळालंच तर आर्मरेस्ट, पाठीची जाळी ही नावं त्याला माहीत नसतात, बाहेरून ऑनलाइन मागवावी लागतात.

म्हणून दोन विनंत्या आहेत. पहिली, पुढच्या रविवारी तेलाच्या आणि फर्निचर पॉलिशच्या सल्ल्याची दुरुस्ती ठळकपणे छापा, गणेशोत्सव जवळ आलाय, कार्यक्रमांसाठी लोक वाद्यं बाहेर काढतील आणि कापड-तेल घेऊन बसतील. दुसरी, शहरातल्या ज्या मराठी मंडळांकडे आणि संगीत वर्गांकडे सगळ्यांच्या वापराची वाद्यं आहेत त्यांनी निदान आर्मरेस्ट आणि पाठीची जाळी घ्यावी, कारण त्या वाद्यांना एकाचा नाही, दहा जणांचा घाम लागतो. यावर पुरवणीत इंदूरच्या एखाद्या वाद्य-कारागिराची मुलाखत घेतलीत तर फार बरं होईल, लाखेचं पॉलिश हाताने चढवणारी माणसं अजून आहेत, त्यांना कुठल्या वाद्याला काय लावायचं ते माझ्यापेक्षा कितीतरी जास्त कळतं.

आपली,
एक मेंडोलिन शिक्षिका
राजेंद्रनगर, इंदूर